वजाबाकीवर चालणारा संगणक

क्वांटम संगणकाबद्दल वर्तमानपत्रात काहीही छापून आलं की एक वाक्य त्यात हमखास असतं: साधा संगणक एकेक उत्तर तपासत बसतो, हा मात्र सगळी उत्तरं एकदम तपासतो. वाचायला झकास वाटतं. पण जरा खोदून विचारा. सगळी एकदम तपासली, ठीक. मग त्यातलं बरोबर उत्तर बाहेर आलं कसं? लाखभर चुकीच्या उत्तरांच्या गर्दीतून ते वेचलं कुणी? त्या वाक्याकडे याचं उत्तर नाही, आणि या यंत्राची खरी गंमत तर तिथेच आहे. ती एका चिन्हात दडलेली आहे. चिन्ह आपण प्राथमिक शाळेतच शिकलो: वजा.

एक नाणं घेऊ. उडवलं की छापा किंवा काटा, निम्मी-निम्मी शक्यता. काय पडलं ते न बघता पुन्हा उडवलं तर? तरीही निम्मी-निम्मी. कितीही वेळा उडवा, उडवण्याने अनिश्चितता कमी होत नाही. हे इतकं उघड आहे की सांगायचीही गरज वाटू नये.

आता नाण्याच्या जागी क्यूबिट. मोजायला गेलं की जिची दोनच उत्तरं येतात अशी क्वांटम नियमांनी वागणारी कुठलीही गोष्ट क्यूबिट होऊ शकते: एखादा अणू, प्रकाशाचा एक कण, अतिशीत धातूचं एखादं सर्किट. त्या दोन उत्तरांना ० आणि १ म्हणायचं. क्यूबिट 'उडवण्याचीही' एक क्रिया आहे. आदामार नावाच्या फ्रेंच गणितज्ञावरून तिला आदामार क्रिया म्हणतात. क्यूबिट ० वर ठेवा, क्रिया एकदा करा, मोजा. निम्म्या वेळा ० येईल, निम्म्या वेळा १. अगदी नाणंच. आता पुन्हा ० पासून सुरू करा, पण या वेळी मधे न मोजता क्रिया दोनदा करा आणि मग मोजा. ० येतो. पुन्हा करा, ०. यंत्र निर्दोष असेल तर हजारदा करा, हजारही वेळा ०.

दोनदा उडवलेलं नाणं दर वेळी छापाच! पहिल्या वेळी जी अनिश्चितता आली होती ती दुसऱ्या वेळी गेली कुठे? आणि पहिल्या क्रियेनंतर कुणी मोजून पाहिलं असेल तर हा चमत्कार होत नाही. मग पुन्हा निम्मं-निम्मं.

हिशेब अगदी सोपा आहे. नाण्याच्या प्रत्येक शक्यतेला एक संभाव्यता असते, शून्य ते एकमधली. क्यूबिटच्या प्रत्येक शक्यतेला वेगळीच एक संख्या चिकटलेली असते. भौतिकशास्त्रात तिला अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणतात. तिचा वर्ग केला की संभाव्यता मिळते. वर्ग करताना चिन्ह गळून पडतं, म्हणून ही संख्या खुशाल ऋण असू शकते. आदामार क्रिया ० ला दोन वाटा फोडते: ० कडे अधिक ०.७०७, १ कडेही अधिक ०.७०७. (०.७०७ चा वर्ग अर्धा.) आणि १ ला फोडताना ० कडे अधिक ०.७०७, पण १ कडे उणे ०.७०७. एवढाच काय तो फरक.

आता दोन क्रियांनंतर १ वर पोहोचायच्या वाटा मोजा. पहिली वाट ०, ०, १: गुणाकार अधिक अर्धा. दुसरी ०, १, १: उणे अर्धा. बेरीज शून्य. ० वर पोहोचायच्याही दोन वाटा, पण त्या दोन्ही अधिक अर्धा, बेरीज एक. १ ची शक्यता कुणी हिरावून घेतली नाही. तिथे जाणाऱ्या दोन वाटांनी एकमेकींना खोडून काढलं. मधे मोजलं असतं तर दोनपैकी एकच वाट उरली असती, आणि एकट्या वाटेला खोडायला समोर कुणी नाही. दोन लाटांचे उंचवटे आणि खळगे एकमेकांवर आले की पाणी सपाट होतं, त्याला आपण व्यतिकरण म्हणतो. हे शक्यतांचं व्यतिकरण.

ऋण उत्तराशी माणसाचं जुनं अवघडलेपण आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' लिहिलं, त्यात एका समीकरणाची दोन उत्तरं निघाली आणि त्यातलं एक घेतलं की मधे ऋण संख्या येत होती, तेव्हा लोकांना ऋण संख्या मान्य होत नाही असं कारण देऊन त्यांनी ते बाजूला ठेवलं. उधारी ऋण असू शकते, तापमान ऋण असू शकतं, पण 'होण्याची शक्यता' ऋण? निसर्गाने ते ऋण चिन्ह एक पायरी आत, वर्गाच्या आड ठेवलेलं आहे. विसाव्या शतकापर्यंत ते कुणाला दिसलं नाही यात नवल नाही.

एका क्यूबिटने करमणूक होते, संगणक होत नाही. दोन क्यूबिट घेतले की ००, ०१, १०, ११ अशा चार शक्यता, चार अ‍ॅम्प्लिट्यूड. तिसरा आला की आठ. दर क्यूबिटमागे यादी दुप्पट. या यादीचे बहुधा प्रत्येक क्यूबिटच्या नावाने वेगळे तुकडेही पाडता येत नाहीत. क्यूबिट एकमेकांत गुंतलेले असतात, आणि एकाची अवस्था दुसऱ्याला वगळून सांगताच येत नाही. याच गुंतण्यावरच्या प्रयोगांसाठी २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आलाँ अस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन त्सायलिंगर यांना मिळालं. ३० क्यूबिटांची यादी लिहायला सुमारे १७ गिगाबाइट जागा लागते. बऱ्यापैकी लॅपटॉपमध्ये ती मावेल. ५० क्यूबिटांना सुमारे १८ हजार टेराबाइट. ३०० क्यूबिटांच्या यादीतल्या नोंदी मोजायला गेलात तर दृश्य विश्वातले अणूही कमी पडतात, आणि ते अणू साधारण एकावर ८० शून्यं इतके आहेत.

रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एमआयटीच्या एका परिषदेत हीच अडचण उलटी करून दाखवली. रेणूंचं वर्तन साध्या संगणकावर उतरवायला गेलं की यादी अशी फुगत जाते. मग संगणकच त्याच नियमांनी चालणाऱ्या भागांचा का करू नये? निसर्ग ही यादी कुठे लिहून ठेवत बसत नाही, तरी त्याचं काम चालतंच.

इथे ते वर्तमानपत्री वाक्य पुन्हा डोकं वर काढतं: इतक्या शक्यता एकदम हाताशी आहेत म्हणजे इतकी उत्तरंही एकदम मिळणार! नाही मिळणार. ३०० क्यूबिट मोजले की हाती येतात ३०० आकडे, शून्य-एकची एक ओळ. बाकीची ती विश्वाहून मोठी यादी त्या क्षणी गेली. रशियन गणितज्ञ अलेक्सांद्र होलेव्हो यांनी १९७३ मध्येच सिद्ध केलं की एका क्यूबिटमधून एका बिटाहून जास्त माहिती बाहेर काढता येत नाही. म्हणजे सगळी उत्तरं तपासून थेट मोजलं तर त्यातलं कुठलं तरी एक, चिठ्ठी काढल्यासारखं, हाती लागेल. तेवढं तर फासे टाकूनही जमलं असतं. मोजण्याआधी चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडतील अशी योजना करावी लागते. क्वांटम आज्ञावली लिहिणं म्हणजे ही योजना आखणं.

अशी एक योजना इथे हातानेच करून पाहता येते. आयआयटी दिल्लीत शिकलेले लव ग्रोवर १९९६ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते, तेव्हा त्यांनी ती शोधली. चार नोंदी आहेत, त्यातली एक आपल्याला हवी आहे, आणि कुठली ते ओळखणारी एक तपासणी आपल्याकडे आहे. साध्या संगणकाचं नशीब वाईट असेल तर तीनदा तपासावं लागेल. ग्रोवर चारही नोंदींना समान अ‍ॅम्प्लिट्यूड देतात: अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा. (प्रत्येकाचा वर्ग पाव, चार पाव मिळून एक.) मग तपासणी एकदाच चालवायची, आणि तिने फक्त हव्या असलेल्या नोंदीचं चिन्ह बदलायचं. आता यादी अर्धा, अर्धा, अर्धा, उणे अर्धा. या घडीला मोजलं तर काही उपयोग नाही; वर्ग अजूनही चारही ठिकाणी पावच. खूण झाली आहे, पण दिसत नाही. पुढची पायरी अशी: चारही संख्यांची सरासरी घ्या, ती पाव येते; आणि प्रत्येक संख्या सरासरीपासून जितकी दूर असेल तितकीच तिला पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवा. अर्धा हा सरासरीच्या पाव वर होता, तो पाव खाली गेला: शून्य. असे तिन्ही शून्य झाले. उणे अर्धा सरासरीच्या पाऊण खाली होता, तो पाऊण वर गेला: एक. मोजा. हवी ती नोंद, खात्रीने, एका तपासणीत.

कागदावर हे पहिल्यांदा करताना तीन शून्यं एकदम पडलेली पाहून हसू येतं. बरं, यात लबाडी कुठेच नाही. तपासणीला उत्तर आधी माहीत नव्हतं, ती फक्त समोर आलेली नोंद ओळखत होती.

नोंदी दहा लाख असतील तर एका फेरीत भागत नाही, पण साधारण ७८५ फेऱ्यांत भागतं. साध्या शोधाला सरासरी पाच लाख तपासण्या लागल्या असत्या. ग्रोवरांचा फायदा वर्गमुळाइतका: दहा लाखांच्या जागी हजाराच्या आसपास. आणखी एक मजा म्हणजे उत्साहाच्या भरात फेऱ्या दुप्पट केल्या तर मिळालेलं उत्तर पुन्हा हातचं जातं. वर चढलेलं अ‍ॅम्प्लिट्यूड खाली उतरतं. जास्त मेहनत केली म्हणून उत्तर बिघडलं, असं दुसऱ्या कुठल्या संगणकाबद्दल ऐकलंय?

वर्गमूळ ही मोठी गोष्ट आहे, पण सरकारांची झोप उडाली ती तिच्यामुळे नाही. ग्रोवरांच्या दोन वर्षं आधी, त्याच बेल लॅब्जमध्ये, पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे मूळ अवयव झपाट्याने पाडायची रीत काढली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधायला साधा संगणक थकून जातो. गुप्त संदेशांना लावायचं आरएसए नावाचं कुलूप १९७७ पासून याच थकव्यावर उभं आहे. त्याच्या प्रचलित रूपातली संख्या ६१७ आकडी असते.

शोर यांची कल्पना १५ या संख्येवर तोंडी करता येते. २ चे घात घ्या: २, ४, ८, १६, ३२, ६४… प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १, २, ४, ८, १. दर चार पावलांनी तीच चाल. आवर्तन ४. त्याचं निम्मं २, आणि २ चा दुसरा घात ४. त्या ४ च्या अलीकडे ३, पलीकडे ५. झाले १५ चे अवयव! मोठ्या संख्यांत शेवटी मसावि काढावा लागतो, आणि कधी २ च्या जागी दुसरा आकडा घेऊन पाहावं लागतं, पण गाभा एवढाच: अवयवांचा प्रश्न आवर्तनाचा प्रश्न झाला. ६१७ आकडी संख्येत हे आवर्तनच शेकडो आकडी असू शकतं. बाक्या लिहीत बसायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. आणि आवर्तन शोधण्यात व्यतिकरणाचा हात कुणी धरू शकत नाही. सगळे घात आणि त्यांच्या बाक्या एकदम मांडायच्या, मग त्यांवर अशी क्रिया करायची की जे आवर्तन जुळत नाही त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा अधिक-उणे होऊन विरून जातील, जे जुळतं त्याच्याकडच्या सगळ्या एकाच चिन्हाने साचतील. (इथे नुसती अधिक-उणे चिन्हं पुरत नाहीत, संमिश्र संख्या लागतात, खाक्या मात्र तोच.) २००१ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सात क्यूबिटांनी १५ चे अवयव खरोखर पाडले: ३ आणि ५. पाढे पाठ असलेलं पोर हसेल. पण ते क्यूबिट म्हणजे परीक्षानळीतल्या द्रवाच्या रेणूंमधले अणू होते.

मग आज आरएसए फुटलेलं का नाही? कारण वाटा एकमेकींना खोडतात त्या कुणी न मोजता सोडल्या तरच. आणि 'कुणी' म्हणजे माणूसच असायला हवा असं नाही. भरकटलेला हवेचा रेणू, उष्णतेचा कण, धातूतला एखादा दोष, कुणालाही क्यूबिट ० आहे की १ याचा सुगावा लागला की मोजल्यासारखंच झालं. आपल्या रोजच्या जगात नाणी नाण्यांसारखीच वागतात ती यामुळे. त्यांच्यावर सतत कोट्यवधी कण आदळून त्यांची खबर घेत असतात.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे अतिसंवाहक धातूंच्या सर्किटांचे क्यूबिट बनवतात. अशा सर्किटातल्या ० आणि १ मधलं ऊर्जेचं अंतर अगदी चिमुकलं असतं. निरपेक्ष शून्याच्या पाव अंश वर जेवढी उष्णता असते साधारण तेवढं. म्हणून चिप त्याहूनही कितीतरी थंड ठेवावी लागते, निरपेक्ष शून्याच्या वर एक-दोन शतांश अंशांवर. तारकांमधलं रिकामं अवकाश याच्या शंभरपट उबदार असतं. बातम्यांतल्या फोटोंत सोनेरी झुंबरासारखं जे लटकलेलं दिसतं, त्याला आपण क्वांटम संगणक समजतो. तो खरं तर हेलियमच्या दोन प्रकारांवर चालणारा फ्रिज आहे. संगणक म्हणजे तळाशी बसवलेली नखाएवढी चिप. एवढ्या मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या सर्किटातही क्वांटम नियम टिकतात हे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८० च्या दशकात बर्कलीत दाखवलं, आणि २०२५ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा संस्था आणि डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट कुलाब्यात घडवलेले, नियंत्रणाची यंत्रणा पुण्याच्या शास्त्रज्ञांची, दूरवरून प्रश्न पाठवायची सोय टीसीएसची. सहा क्यूबिट म्हणजे ६४ अ‍ॅम्प्लिट्यूड. तुमच्या फोनला ते सहज झेपतील. इथे महत्त्व आकड्याला नाही, सगळी साखळी आपल्या हाताने जोडता येण्याला आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्यात आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचं लक्ष्य ठेवलं आहे. मला ते धाडसाचं वाटतं.

इतकी थंडी राखूनही असे क्यूबिट फार तर मिलिसेकंदाच्या आसपास शुद्धीवर राहतात, आणि दर काही शे क्रियांमागे एखादी चूक होते. साध्या संगणकात चूक टाळायला प्रत्येक बिटाच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. इथे तेही नाही: अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करताच येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. आणि चूक झाली का हे बघायला मोजावं, तर मोजण्यानेच घात. कोंडी पूर्ण वाटते. शोर यांनीच १९९५ मध्ये ती फोडली. एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत गुंतवून पसरवायची, आणि 'तू ० की १' असं कुणालाच न विचारता 'तुम्ही दोघे सारखे की वेगळे' एवढंच विचारायचं. उत्तरातून चूक कळते, माहिती कळत नाही, म्हणून ती शाबूत राहते. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो नावाच्या १०५ क्यूबिटांच्या चिपवर दाखवलं की असं राखलेलं क्यूबिटांचं जाळं तीन बाय तीनचं पाच बाय पाच, मग सात बाय सात केलं की चुकीचं प्रमाण दर टप्प्याला निम्म्याहून खाली येतं. त्याआधी भीती अशी होती की क्यूबिट वाढवले की चुका करणारे हातच वाढणार. विलोचं सात बाय सातचं जाळं सुमारे शंभर क्यूबिट खर्चून एकच भरवशाचा क्यूबिट देतं, हेही सांगायला हवं.

आरएसए फोडायला असे हजाराहून जास्त भरवशाचे क्यूबिट लागतील. २०१९ चा एक गाजलेला अंदाज दोन कोटी साध्या क्यूबिटांचा होता. त्याच अंदाजातले एक लेखक क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये तो दहा लाखांच्या आत आणला. यंत्र हळूहळू मोठं होतंय आणि लागणाऱ्या क्यूबिटांचा आकडा त्याहून झपाट्याने आटतोय. शिवाय आज चोरून साठवलेला गुप्त मजकूर यंत्र तयार झाल्यावर सावकाश उघडता येईलच. म्हणून कुलपं आधीच बदलू लागली आहेत: सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपने २०२३ मध्ये, अ‍ॅपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने नव्या कुलपांचे पहिले तीन नमुने जाहीर केले. त्यातली मुख्य कुलपं अनेक मितींच्या बिंदुजाळीच्या गणितावर उभी आहेत, तिथे शोर यांची आवर्तनाची युक्ती चालत नाही. दुसरी कुठली चालणारच नाही, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. एनआयएसटीच्या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यांपर्यंत टिकलेलं साइक नावाचं एक कुलूप २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी साधारण तासाभरात उघडलं, आणि त्यांनी वापरला होता तो आपला नेहमीचा, साधा संगणक.